वाद मिटवण्यावर प्रबंध : तीन संस्था मोजू नका, एक वाद धरा

तुम्ही लिहिलंय की एलएल.एम.च्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि प्रबंधासाठी सहा महिने हातात आहेत. विषय दिलाय तो असा : ‘ग्रामीण महाराष्ट्रातील तंटा निवारण : तंटामुक्त समिती, लोकअदालत व न्यायालयीन मध्यस्थी यांचा तौलनिक अभ्यास’. गाइड म्हणतात विषय लहान करा, पण कसा ते सांगत नाहीत. पुढे तुमचे चार प्रश्न आहेत. ३०० लोकांची प्रश्नावली पुरेल का, मध्यस्थीच्या बैठकीत बसायला मिळेल का, काका गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष आहेत तर आपलंच गाव घ्यावं का, आणि गाइड बदलून मागावा का.

मी वकिली करते, जिल्हा न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात मध्यस्थ म्हणून बसते आणि विधी व समाजकार्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या अशा प्रकल्पांना बरीच वर्षं मार्गदर्शन करत आले आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते. काही गोष्टी तुमचा जिल्हा, तिथले न्यायाधीश आणि तुमच्या विद्यापीठाचे नियम यांवर अवलंबून राहतील. त्या जागी तसं स्पष्ट सांगेन.

विषय मोठा आहे हे खरं, पण तुमची मुख्य अडचण ती नाही. तीन वेगळ्या जातीच्या संस्था तुम्ही एका रांगेत उभ्या केल्यात आणि ‘कोण जास्त वाद मिटवतं’ हे मोजायला निघालात. एक गाव, एक तालुका असा विषय कितीही कापला तरी ही अडचण तशीच राहील, कारण या तिघांच्या वहीत ‘मिटला’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात.

तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने. ग्रामसभा समिती निवडते. सरपंच, पोलिस पाटील, तलाठी, बीटचे पोलिस असे लोक त्यात असतात. मिटवलेल्या तंट्यांना गुण, गुणांवर गाव तंटामुक्त ठरायचं आणि लोकसंख्येप्रमाणे बक्षीस मिळायचं. या मोहिमेने कितीतरी गावांत वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या भावकीला एका सतरंजीवर बसवलं, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण जिथे गुणांवर बक्षीस आहे तिथली नोंदवही आकडा वाढवण्याकडे झुकणारच. जुन्या वह्यांत तुम्हाला ‘किरकोळ बोलाचाली, समजूत घालून मिटवले’ अशा ओळी पानोपान दिसतील. त्या खोट्या असतात असं नाही, पण १५ वर्षं चाललेल्या वाटणीच्या दाव्याशेजारी ती ओळ ‘एक तंटा’ म्हणून मांडता येणार नाही.

लोकअदालतीचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, अंमल ९ नोव्हेंबर १९९५ पासून. राष्ट्रीय लोकअदालतीनंतर वर्तमानपत्रात जे मोठे आकडे येतात, त्यांत दाखलपूर्व प्रकरणं असतात : बँकेची थकबाकी, वीजबिल, पाणीपट्टी, घरपट्टी. शिवाय वाहतुकीची चलनं. शेतकरी आणि बँक यांच्यात व्याज किती सोडायचं यावर झालेला व्यवहार आणि दोन चुलत भावांमधला बांधाचा वाद एका बेरजेत घातले, तर त्या बेरजेतून काहीच कळत नाही. न्यायालयीन मध्यस्थी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८९ मधून येते. ते कलम १ जुलै २००२ पासून लागू झालं आणि कोणत्या प्रकारचे दावे तिकडे पाठवावेत हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या अ‍ॅफकॉन्स निकालात समजावून सांगितलं. म्हणजे मध्यस्थाकडे येणारा वाद न्यायाधीशाने आधीच निवडलेला असतो. निवडून पाठवलेल्या आणि आपोआप आलेल्या वादांची टक्केवारी शेजारी ठेवली, तर परीक्षक पहिल्याच प्रश्नात तुम्हाला अडवतील आणि त्यांचं बरोबर असेल.

त्यात कागदाची ताकद वेगळी. लोकअदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा (डिक्रीसारखा, म्हणजे सक्तीने बजावता येणाऱ्या निर्णयासारखा) धरला जातो, त्यावर अपील नाही, आणि भरलेलं कोर्ट फी परत मिळतं. दाव्यात मध्यस्थीने तडजोड झाली की ती न्यायालयापुढे येते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ नियम ३ प्रमाणे हुकूमनामा होतो. तंटामुक्त समितीपुढे लिहिलेला कागद हा दोघांमधला करार. तो मोडला तर पुन्हा पहिल्यापासून दावा. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीसाठी वेगळं प्रकरण आहे : परिसरातली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी, तीन मध्यस्थांच्या पॅनेलपुढे. तिथली तडजोड हुकूमनाम्यासारखी बजावता येणार नाही, असं कायद्यानेच म्हटलंय. या कायद्याची काही कलमं ऑक्टोबर २०२३ मध्ये लागू झाली, सगळी एकदम झाली नाहीत. तेव्हा तुमच्या अभ्यासाच्या काळात कुठलं कलम अंमलात होतं ते राजपत्र पाहूनच लिहा. प्रबंधात ‘२०२३ च्या कायद्यानुसार’ असं सरसकट लिहिणारे विद्यार्थी तोंडी परीक्षेत तिथेच अडकतात.

मग करायचं काय? माझा सल्ला असा, की संस्था सोडा आणि एका प्रकारचा वाद धरा. तो वाद जिथे जिथे जातो तिथे त्याच्या मागे जा. वाटेत तंटामुक्त समिती लागेल, तहसील लागेल, पोलिस ठाणं लागेल, कदाचित लोकअदालतही लागेल. तुलना आपोआप होईल आणि ती खरी असेल, कारण वाद एकाच जातीचे असतील.

शेतरस्त्याचं उदाहरण घ्या. मराठवाड्यात किंवा पश्चिम महाराष्ट्रात कुठल्याही तालुक्यात हा वाद सापडतो. पेरणीच्या आधी आणि ऊसतोडीच्या वेळी तो हमखास पेटतो, कारण एरवी बैलगाडी बांधावरून कशीबशी जाते, पण उसाचा ट्रॅक्टर जात नाही. ज्याचा रस्ता अडला तो आधी कोणाकडे जातो? बहुतेक वेळा घरातल्या थोरल्याकडे, मग पोलिस पाटलाकडे किंवा समितीच्या अध्यक्षाकडे. तिथे झालं नाही तर शिवीगाळ, धक्काबुक्की आणि पोलिस ठाण्यात एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मग दोन्ही बाजूंवर चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याची हमी घेणारी कारवाई, जी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०७ खाली व्हायची आणि जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १२६ खाली होते. एवढ्यात कोणीतरी सांगतं की तहसीलदारांकडे अर्ज करा. तिथे दोन वाटा आहेत. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चं कलम ५, आणि त्याला अडवल्यापासून सहा महिन्यांची मुदत. रस्ताच नव्हता आणि बांधावरून नवा हवा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. अर्ज चुकीच्या कलमाखाली गेला की वर्ष-दीड वर्ष वाया. मग मोजणीचा अर्ज, भूकरमापक, हद्दीच्या खुणा, पुन्हा हरकत, आणि शेवटी दिवाणी न्यायालयात मनाई हुकमाचा दावा.

या एका वादाचा प्रवास तुम्ही तारखांसह मांडलात, तर ‘समिती चांगली की न्यायालय चांगलं’ यापेक्षा कितीतरी खोल प्रश्न समोर येतात. समितीत मिटवायला घेतलं म्हणून थांबले आणि तोवर सहा महिन्यांची मुदत संपली, असं किती जणांचं झालं? समितीने ठरवलेली आठ फुटांची वाट दुसऱ्या वर्षी नांगरली गेली का? तहसीलदारांचा आदेश हातात आल्यावरही रस्ता प्रत्यक्षात कोणामुळे उघडला, आदेशामुळे की आदेश दाखवून पुन्हा गावात बसल्यामुळे? माझ्या अनुभवात शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे. पुष्कळदा सरकारी कागद आणि गावची बैठक या दोन पर्यायी वाटा नसतात. एक दुसरीला जोर देते. हे आकड्यांच्या तक्त्यातून दिसत नाही, एका वादाचा माग काढल्यावरच दिसतं.

शेतरस्ता नको असेल तर ताब्याच्या अदलाबदलीचा वाद घ्या : कागदावर एकाचा गट, कसतो दुसराच. जानेवारी २०२३ मध्ये सरकारने सलोखा योजना आणली. निदान १२ वर्षं एकमेकांच्या जमिनी कसणाऱ्या शेतकऱ्यांना अदलाबदलीच्या दस्तासाठी मुद्रांक शुल्क १,००० आणि नोंदणी फी १,००० रुपये, एवढ्यावर काम. तलाठी आणि मंडळ अधिकारी पंचनामा करतात. तडजोडीच्या आड नुसता राग येतो असं आपण धरून चालतो; कधी कधी आड येतो तो दस्ताचा खर्च. तो काढून टाकला तर लोक पुढे येतात का, हा नेटका प्रश्न आहे आणि एका तालुक्यात तपासता येतो.

मला स्वतःला सगळ्यात जास्त जिव्हाळा आहे तो तिसऱ्या विषयाचा : वाटणीच्या दाव्यातल्या बहिणी. महाराष्ट्राने १९९४ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून वाटेकरी केलं. २००५ मध्ये देशभर सगळ्या मुलींना तो हक्क मिळाला. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने वडील तेव्हा हयात होते की नव्हते हा घोळही संपवला. कायदा इतका स्पष्ट झाल्यावर वाटणीच्या दाव्यांतल्या तडजोडींत काय होतं? तडजोड पुरसीस, म्हणजे न्यायालयात दिलेलं तडजोडीचं लेखी निवेदन, वाचा. भाऊ-भाऊ गट वाटून घेतात आणि बहिणींच्या नावापुढे लिहिलेलं असतं : ‘हक्क स्वखुशीने सोडला’. कुठे त्या बदल्यात काही रक्कम, कुठे काहीच नाही. न्यायालयाच्या दृष्टीने दावा मिटला, लोकअदालतीच्या आकड्यात एकची भर पडली. मी मध्यस्थ म्हणून बसते तेव्हा बहिणीशी वेगळं बोलल्याशिवाय सही घेत नाही. त्या वेगळ्या बोलण्यात ‘माहेर तुटू नये’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते वाक्य यायच्या आधीच कळतं. काही जणी पूर्ण विचार करून हक्क सोडतात, आणि त्या निर्णयाचा मान राखलाच पाहिजे. काही जणींना आपण कशावर सही करतोय हे कोणी सांगितलेलंच नसतं. तडजोड झाली म्हणून कोणाला काय मिळालं आणि कोणी काय सोडलं, हा तुमच्या विषयाचा गाभा आहे. तो कोणत्याही वादात विचारा, पण इथे तो सगळ्यात उघडपणे दिसतो. आणि या अभ्यासासाठी तुम्हाला कोणाच्या घरात शिरावं लागत नाही. निकाली दाव्यांची कागदपत्रं न्यायालयाच्या परवानगीने पाहता येतात.

आता बैठकीत बसण्याबद्दल. न्यायालयीन मध्यस्थीच्या खोलीत तुम्हाला बसता येणार नाही, आणि तसा आग्रहही धरू नका. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं. मोतीराम विरुद्ध अशोक कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तडजोड झाली तर मध्यस्थाने करार पाठवावा, नाही झाली तर फक्त तेवढंच कळवावं. आत काय बोलणं झालं ते न्यायाधीशालाही सांगायचं नाही. न्यायाधीशाला जे सांगायचं नाही ते प्रबंधात छापायला कोणता मध्यस्थ देईल? एखादा हौसेने ‘माझ्याकडच्या केसेस सांगतो’ म्हणाला, तर त्याच्याकडून काही घेऊ नका.

लोकांसमोर भरणाऱ्या बैठकीचं वेगळं असतं. गुजरातेत रंगपूरच्या आनंद निकेतन आश्रमात हरिवल्लभ परीख यांनी आदिवासींसाठी लोकअदालत चालवली, ती कायद्यातली लोकअदालत येण्याच्या कितीतरी आधी. ती सगळ्यांदेखत उघड्यावर भरायची, म्हणून अभ्यासकांना बसून पाहता आली आणि तिच्यावर चांगलं लेखन झालं. तंटामुक्त समितीची बैठक ग्रामपंचायतीत किंवा देवळात भरते आणि दोन्ही बाजूंची हरकत नसेल तर तुम्हाला मागे बसता येईल. राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी पॅनेलचं काम खुल्या कोर्टात चालतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना महाविद्यालयाचं पत्र देऊन परवानगी मागा. काही जिल्ह्यांत ती सहज मिळते, काही ठिकाणी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांपर्यंत जावं लागतं. पत्र गाइडच्या किंवा प्राचार्यांच्या सहीचं असू द्या. एकट्याने जाऊन शिरस्तेदाराला विनंती करण्यात दोन महिने जातात.

बंद खोलीत बसता येत नाही म्हणून अभ्यास अडत नाही. खोलीच्या आधीचं आणि नंतरचं सगळं उघडं असतं : दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), रोजनामा (तारखेगणिक कामकाजाची नोंद), तडजोडीचा कागद. आणि ज्याकडे विद्यार्थी जवळजवळ कधीच पाहत नाहीत ती दरखास्त. तडजोडीच्या हुकूमनाम्यानंतर बजावणीसाठी दरखास्त दाखल झाली असेल, तर ‘मिटलेला’ वाद मिटला नव्हता. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकारांच्या नावाने हे शोधता येतं. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या तडजोडी घेऊन त्यांतल्या किती दरखास्तीत परत आल्या एवढंच तुम्ही एका तालुका न्यायालयापुरतं नीट दाखवलंत, तरी त्या प्रबंधाचा उपयोग मला माझ्या कामात होईल. तंटामुक्तच्या नोंदी पोलिस ठाण्याकडून माहिती अधिकारात मागता येतात : १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांची मुदत. मागताना पक्षकारांची नावं मागू नका. वादाचा प्रकार, नोंदीची तारीख आणि निकालाचा शेरा एवढंच मागा. जास्त मागितलं की सगळंच नाकारलं जातं.

३०० जणांची प्रश्नावली सोडून द्या. ‘तुम्ही निकालावर समाधानी आहात का? पूर्ण / अंशतः / नाही’ असं गावात विचारलं तर उत्तर एकच येतं, कारण विचारताना शेजारी कोण उभं आहे यावर ते ठरतं. एकाच प्रकारचे आठ-दहा वाद घ्या आणि प्रत्येकात दोन्ही बाजूंना स्वतंत्र, वेगवेगळ्या दिवशी भेटा. मतं विचारू नका, घडलेलं विचारा. पहिल्यांदा कोणाला सांगितलंत? बैठक कोणाच्या घरी झाली? त्या दिवशी तुम्ही कुठे बसला होता? सगळ्यात आधी कोण बोललं? घरातल्या बाई होत्या का, आणि होत्या तर आत होत्या की बाहेर? कागद कोणी लिहिला, तो वाचून दाखवला का? आज ती वाट कशी आहे? शेवटचा प्रश्न विचारून झाला की शक्य असेल तर त्यांच्याबरोबर जाऊन वाट बघा. ‘कुठे बसला होता’ या एका प्रश्नाच्या उत्तरात जात, पैसा, वय आणि गावातलं वजन एवढं सगळं येतं, जे थेट विचारलं तर कोणी सांगत नाही.

स्वतःचं गाव? घेऊ नका. काका अध्यक्ष आहेत म्हणून दारं उघडतील हे खरं, पण ज्यांना समितीचा निर्णय पटला नाही ते अध्यक्षांच्या पुतण्याला काय सांगणार? आणि एखाद्याने धीर करून सांगितलंच, तर ते काकांच्या विरोधात छापायचं धाडस तुम्हाला होईल का? दोन्हीकडून अभ्यास लंगडा होतो. काकांचा उपयोग ओळखीसाठी करा. त्यांच्याकडून शेजारच्या तालुक्यातल्या समितीची गाठ घालून घ्या आणि तिथे स्वतःची ओळख विद्यार्थी म्हणूनच द्या. ग्रामपंचायत निवडणुकीच्या तोंडावर मात्र कुठल्याच गावात जाऊ नका. तेव्हा प्रत्येक बांधाला पॅनेल चिकटलेलं असतं आणि तुम्हीही कोणाचा तरी माणूस ठरता.

गाव वेगळं घेतलं तरी एक धोका राहतो, तो म्हणजे ओळख पटण्याचा. नावं बदलून भागत नाही. ‘क्ष गावातील माजी सरपंच व त्यांची धाकटी भावजय’ असं लिहिलंत की पंचक्रोशीला माणूस कळला. तालुक्याचं नाव गाळा, पदं गाळा, गरज पडली तर दोन वादांतले बिनमहत्त्वाचे तपशील बदला आणि तसं केलंय हे प्रस्तावनेत सांगा. संमतीपत्र मराठीत, अर्ध्या पानाचं, वाचून दाखवता येईल असं करा. मुलाखत रेकॉर्ड केली तर ती फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर कोणालाही पाठवू नका, गाइडनाही नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : ‘तुम्ही सांगितलेलं कुठेही जाणार नाही’ असं वचन देऊ नका. आपल्याकडे संशोधकाला वकिलासारखं कायद्याचं संरक्षण नाही. न्यायालयाने बोलावलं तर तुम्हाला साक्ष द्यावी लागेल. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं बोलता बोलता समोर आलं, तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. मुलाखतीच्या आधीच सांगा : तुमचं नाव छापणार नाही, पण लहान मुलाच्या जिवाचा प्रश्न आला तर मी गप्प बसू शकणार नाही. हे वाक्य बोलायला जड जातं. तरी बोला.

काही वाद एकट्या विद्यार्थ्याने हातात घेऊच नयेत असं माझं ठाम मत आहे. नवऱ्याची मारहाण ‘समजूत घालून मिटवली’ अशा नोंदी तुम्हाला वहीत सापडतील. त्या बाईला शोधत तिच्या घरी जाऊ नका; तुम्ही निघून गेल्यावर तिला काय सोसावं लागेल ते तुमच्या हातात नाही. त्या नोंदी किती आणि कशा शब्दांत लिहिल्यात एवढंच विश्लेषण करा. पोलिस ठाण्यांमधले महिला व मुलांसाठीचे विशेष कक्ष १९८४ मध्ये मुंबईत सुरू झाले. तिथल्या समाजकार्यकर्त्यांशी गाइडबरोबर जाऊन बोला. पीडित बाईशी बोलल्याइतकंच, किंबहुना जास्त, त्यांच्याकडून कळेल. जात पंचायतीच्या बहिष्काराचंही असंच. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. ज्या कुटुंबाने त्याखाली तक्रार केलीय त्यांच्याकडे तुमच्या जाण्या-येण्याचाही अर्थ लावला जातो. असा विषय घ्यायचाच असेल तर गाइडची लेखी संमती आणि त्या भागात काम करणारी संस्था बरोबर हवी.

मुलाखती घेताना एक मोह होईल. दोन्ही बाजू तुमच्याशी मोकळं बोलतात, तुम्हाला दिसतं की अडलंय ते एवढ्याशावर, आणि वाटतं की मीच सांगून बघतो. कृपा करून करू नका. त्या क्षणी तुमचा अभ्यास संपतो, आणि बिघडलं तर त्याची जबाबदारी घ्यायला तुम्ही सहा महिन्यांनी तिथे नसता. त्यांना मदत हवी असेल तर तालुका विधी सेवा समितीचा पत्ता द्या. तिथे महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना वकील मोफत मिळतो.

वेळेचं थोडक्यात. पहिला महिना वादाचा प्रकार ठरवणं, परवानगीचं पत्र आणि माहिती अधिकाराचे अर्ज यांत जाईल. पुढचे दोन कागदपत्रांत, त्यापुढचे दोन गावात, शेवटचा लिहिण्यात. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी असते, पेरणीच्या दिवसांत शेतकरी भेटत नाही. तुमचे सहा महिने कुठून सुरू होतात ते पाहून हे मागे-पुढे करा. गावातून आल्यावर त्याच रात्री टिपणं लिहून काढा. दुसऱ्या दिवशी कोण कुठे बसलं होतं हे आठवत नाही.

आता गाइड बदलण्याबद्दल. ‘विषय लहान करा’ एवढंच सांगून ते थांबले याचा तुम्हाला राग आलाय. पण तुम्ही त्यांच्यापुढे ठेवलं काय होतं? एक शीर्षक. शीर्षकावर याहून जास्त सांगता येत नाही. अशा विषयात मार्गदर्शकाचं खरं काम संदर्भग्रंथ सुचवण्याच्या पलीकडचं आहे : तुम्ही ज्यांच्या दारात जाणार त्यांना त्रास होऊ नये आणि तुम्हालाही होऊ नये, हे पाहणं. त्यांना ते करता यावं अशी सामग्री तुम्हीच द्यायला हवी. पुढच्या भेटीला एक पान घेऊन जा. त्यावर एक खरा वाद लिहा, नावं न घालता : कधी सुरू झाला, कुठे कुठे गेला, कोणत्या तारखेला काय झालं, आज कुठे आहे. खाली तीन ओळी लिहा : मला याबद्दल काय विचारायचंय, कोणाला विचारायचंय, आणि कोणाला विचारायला मला भीती वाटते. तिसऱ्या ओळीवर त्यांचं मत आवर्जून मागा. मग दर पंधरा दिवसांनी असंच एक पान. दोन-तीन पानांनंतरही ते वाचत नसतील, परवानगीच्या पत्रावर सही करायला टाळत असतील, तर विभागप्रमुखांकडे जाऊन सहमार्गदर्शक मागा. मूळ गाइड तसेच ठेवून समाजशास्त्राचा किंवा समाजकार्याचा एक माणूस जोडून मिळणं बहुतेक विद्यापीठांत गाइड बदलण्यापेक्षा सोपं असतं, आणि तुमच्या विषयाला तो माणूस एरवीही लागणारच आहे.